मदत हवी आहे: विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ६२, पण मका मात्र पिवळा. नत्र नेमकं जातंय कुठे?

नमस्कार मंडळी,

परवा विहिरीच्या पाण्याचा अहवाल हातात आला. नायट्रेट ६२ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. सहा वर्षांपूर्वीच्या अहवालात हाच आकडा ९ होता, म्हणून जास्त धसका घेतलाय.

रान दीड हेक्टर, हलकं, वाळूसर. दीड फुटाखाली मुरूम लागतो. पीक मका, पाणी पाटाने. हेक्टरी १५० किलो नत्र युरियातून देतो, अर्धं पेरणीबरोबर आणि अर्धं मका गुडघाभर झाल्यावर. शिवाय हेक्टरी पाच टन कोंबडीखत. ते पेरणीच्या दोन-अडीच महिने आधीच पसरून टाकतो, कारण तेव्हा रान रिकामं असतं आणि मलाही सवड असते. मधे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जातात.

शेजारी म्हणतात, युरिया सरळ निम्मा करा. पण कणसं भरताना माझ्या मक्याची खालची पानं टोकाकडून पिवळी पडतात, म्हणजे नत्र कमीच पडतंय ना? मग विहिरीत उतरतंय ते कुठलं? दोन्ही एकदम खरं कसं असेल, हेच डोक्यात शिरत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
जुना अहवाल नीट वाचा. ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट-नायट्रोजन’? दुसरं असेल तर तो आकडा नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनच्या वजनाचा असतो, त्याला ४.४३ ने गुणायचं. हा घोळ फार जणांचा होतो.

धागाकर्ता
बरोबर! कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘नायट्रोजन स्वरूपात’ असं छापलंय. म्हणजे तेव्हाच ४० होतं. सातपट झालं म्हणून दोन रात्री झोप नव्हती. तरी ४० वरून ६२ ही वाढ आहेच.

प्रतिसाद २
दोन्ही खरं आहे, आणि हलक्या रानात हे नेहमीचंच आहे. पिकाला भूक लागते तेव्हा नत्र नसतं आणि नत्र असतं तेव्हा पीक नसतं.

युरियाचा आधी अमोनियम होतो. त्याच्यावर धन भार असतो, त्यामुळे मातीचे कण त्याला धरून ठेवतात. पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. उबदार, ओल्या मातीत याला दोन-तीन आठवडे पुरतात. नायट्रेटवर ऋण भार असतो, त्याला माती धरत नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं. भारी काळ्या रानात पाणी सावकाश उतरतं, म्हणून मुळांना वेळ मिळतो. वाळूत तो मिळत नाही.

आता तुमचं कोंबडीखत. त्यातलं बरंचसं नत्र युरिक आम्लाच्या रूपात असतं आणि ते लवकर सुटतं. पेरणीच्या दोन महिने आधी टाकलंत, मधे पाऊस झाला, रानात एक मूळ नाही. पाच टनांत सहज शंभर किलोच्या आसपास नत्र असतं. शेजारी युरियाची पोती मोजतायत, पण माझा पहिला संशय या खतावर आहे. खतातलं नत्र तुम्ही हिशेबातच धरलेलं नाही.

एक आकडेमोड करून बघा. मुळांखाली १०० मिलिमीटर पाणी गेलं म्हणजे हेक्टरी दहा लाख लिटर. त्यात ६२ मिलिग्रॅमने नायट्रेट असेल तर ६२ किलो नायट्रेट, म्हणजे १४ किलो नत्र. साधारण ३० किलो युरिया. विहिरीत इकडचं तिकडचं पाणी मिसळतं, तुमच्या मुळांखालच्या पाण्यात नायट्रेट याहून जास्त असू शकतं.

माझ्या मते कोंबडीखत पेरणीच्या तोंडावर द्या आणि त्यातलं नत्र वजा करून युरिया ठरवा. पेरणीबरोबर युरिया थोडाच द्या, कारण रोपाला तेव्हा फार लागत नाही. उरलेला गुडघाभर झाल्यावर आणि तुरा यायच्या आधी असा दोन हप्त्यांत द्या. युरिया दिल्यावर पाट धो धो सोडू नका.

प्रतिसाद ३
घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं दूध या पाण्यात कालवू नका. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसा आकडा वाढतोच. आणि खताचा ढीग विहिरीपासून किती लांब असतो?

धागाकर्ता
बाळ नाही घरात. ढीग... वीस पावलांवर, उघडाच. लिहितानाच चूक कळली.

काल पाट सोडला होता, आज खड्डा घेऊन बघितला. मुळं दीड फुटावर मुरमाशी येऊन आडवी वळलीत. तीन फुटांवरचा मुरूम मुठीत दाबला तर बोटांना पाणी लागलं. हे पाणी मक्याच्या कामाचं नव्हतंच, आणि त्याच्याबरोबर काय गेलं तेही आता कळतंय. पाण्याची पाळी छोटी करून जास्त वेळा देणार.

दोन प्रश्न उरलेत. कापणीनंतर रान रिकामं राहतं त्याचं काय करू? आणि पेरणीपर्यंत खत ठेवू कुठे?

प्रतिसाद २
कापणी झाल्याबरोबर ओट किंवा राय यांसारखं लवकर वाढणारं तृणधान्य दाट पेरा. उरलेलं नायट्रेट ते वर ओढून घेतं. उशीर केलात तर निम्मा फायदा गेला. नुसतं द्विदल नको, ते स्वतःचं नत्र बनवतं आणि गाडलं की तेही सोडतं. खत पक्क्या तळावर, ताडपत्रीखाली, विहिरीच्या उताराकडच्या बाजूला ठेवा, चढाकडे नको.

पुढच्या वर्षी विहिरीचा आकडा उतरला नाही तर लगेच हे सगळं सोडू नका. वाटेत असलेलं जुनं नायट्रेट खाली यायला काही वर्षंही लागतात. कापणीनंतर एक फूट आणि दीड फूट अशा दोन खोलींवरची माती तपासा, तिथे फरक आधी दिसेल.

धागाकर्ता
ताडपत्री आजच टाकतो. मातीचे आकडे आले की याच धाग्यावर लिहीन.