व्हीएमची टेस्ट सूट ओपन सोर्स करतोय, आधी काय काय बघू?

कुर्टीकर:
नमस्कार मंडळी. फोंड्याला एका छोट्या कंपनीत आम्ही केव्हीएमवरचे (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवतो. त्याच्या टेस्ट पायथनमध्ये आहेत: व्हीएम बूट होतो का, चालू असताना डिस्क जोडता-काढता येते का, स्नॅपशॉटवर (साठवून ठेवलेल्या आधीच्या स्थितीवर) परत जाता येतं का, लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं) होतं का. खाली लिबव्हर्ट (व्हीएम चालवायची खुली लायब्ररी) असल्यामुळे बऱ्याचशा आमच्या सॉफ्टवेअरशिवायही चालतील. चवथीच्या सुटीआधी पात्रांवना (मालकांना) विचारलं, तर म्हणाले, "सोड, पण गिऱ्हाइकाचं काही बाहेर जाता कामा नये." तसं लेखीही दिलं. लायसन्स एमआयटी (जवळपास काही अट नसलेलं) ठेवीन म्हणतो. अजून काय बघू? आणि अ‍ॅवोकॅडो-व्हीटी ही व्हीएमच्या टेस्टची तयार खुली सूट असताना आमचं घेणार कोण?

सत्तरीचा_पेंग्विन:
लेखी मिळालं म्हणजे निम्मं काम झालं, बाब. पण एमआयटी म्हणताय तर टेस्ट ज्यांनी लिहिल्या त्यांना आधी विचारा. अ‍ॅवोकॅडो-व्हीटी जीपीएल आवृत्ती २ खाली आहे, म्हणजे त्यातला कोड घेऊन बनवलेलं वाटायचं तर तेही जीपीएलखालीच द्यावं लागतं. त्यातलं एखादं फंक्शन उचलून कुणी तुमच्यात डकवलं असेल, तर एमआयटी विसरा.

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर लोक कॉन्फिग फाइल तपासतात आणि "अपेक्षित आउटपुट"चा फोल्डर तसाच सोडतात. माझ्या जुन्या ऑफिसात तिथे कुणीतरी आख्खा लॉग चिकटवला होता, त्यात सर्व्हरचं नाव आणि रूटचा पासवर्ड शेजारी-शेजारी! फाइल आज काढली तरी गिटच्या इतिहासात राहतेच. इतिहासातूनच फाइल पुसणारं गिट-फिल्टर-रेपो चालवा, आणि पासवर्ड तरीही बदला.

विंडोजच्या इमेज वाटता येणार नाहीत. लिनक्सच्याही रेपोत कोंबू नका, लिंक आणि शा-२५६ (फाइल तीच आहे हे पडताळायचा कोड) द्या.

म्हापसेकरीण:
लायसन्स होईल हो. लोक पळतात ते पहिल्याच रनला. तुमच्या कोडमध्ये "स्लीप ४०", म्हणजे ४० सेकंद नुसतं थांबा, किती ठिकाणी आहे ते शोधा. तुमच्या सर्व्हरवर गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टिम) तेवढ्यात उठतो. बाहेरच्याच्या मशीनवर डेव्ह-केव्हीएम (केव्हीएम वापरायची फाइल) नसेल तर क्यूईएमयू, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम, टीसीजीवर चालवावा लागतो, म्हणजे गेस्टची इन्स्ट्रक्शन सॉफ्टवेअरमध्ये भाषांतरित होते, आणि तोच गेस्ट कितीतरी हळू उठतो. टेस्ट लाल! त्याला वाटतं सूटच मोडकी. सिरियल कन्सोलवर लॉगिन प्रॉम्प्ट दिसेपर्यंत थांबा, टाइमआउट बाहेरून बदलता येऊ दे, आणि केव्हीएम लागतंच अशी टेस्ट कारण सांगून स्किप होऊ दे.

दर टेस्टला मूळ इमेजवर कोरा क्यूकाऊ२ ओव्हरले (फक्त बदल साठवणारी वरची डिस्क-फाइल) करत असाल, तर बॅकिंग फॉरमॅट, म्हणजे मूळ इमेजचा प्रकार, स्पष्ट देता ना? क्यूईएमयू ६.१ पासून तो दिल्याशिवाय इमेज बनवणारं क्यूईएमयू-आयएमजी सरळ एरर देतं.

कोण घेणार विचारता, तर मायग्रेशनची टेस्ट चांगली करा. रिकामा व्हीएम हलला याला मी टेस्ट म्हणत नाही. आत सतत मेमरी लिहिणारा प्रोग्राम लावा. नेटवर्क जेवढं वाहून नेतं त्याहून जास्त पानं (मेमरीचे तुकडे) गेस्ट मळवायला, म्हणजे बदलायला, लागला की मायग्रेशन संपतच नाही. तेव्हा सॉफ्टवेअर काय करतं? ऑटो-कन्व्हर्जने गेस्टचा वेग कमी करून त्याला आवरतं, सोडून देतं, की गप्प लटकतं? आणि रद्द केल्यावर मूळ व्हीएम जिवंत आहे ना? हे तपासून देणारी सूट असेल तर मी उद्या घेते.

कुर्टीकर:
स्लीप पुष्कळ निघाले, ताई. पण मायग्रेशनला आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत. घरी एकच लॅपटॉप असलेला माणूस ती टेस्ट चालवणार कशी? लिबव्हर्ट त्याच होस्टवर मायग्रेशन करू देत नाही.

सत्तरीचा_पेंग्विन:
नेस्टेड, म्हणजे व्हीएमच्या आत व्हीएम. लॅपटॉपवर दोन व्हीएम उठवा, तेच तुमचे दोन होस्ट, आणि खरा गेस्ट त्यांच्या आत. इंटेलवर लिनक्स ४.२० पासून नेस्टेड आपोआप चालू असतं. मेमरी मात्र हवी, आणि आमच्या वाळपईसारखी पावसात वीज जात असेल तर इन्व्हर्टरही. दुसरा व्हीएम पहिल्याच्या एक्सएमएलची (लिबव्हर्टमधल्या व्हीएमच्या वर्णनाची) कॉपी मारून केलात तर यूयूआयडी, म्हणजे व्हीएमचा ओळख क्रमांक, बदला. सारखा राहिला तर लॅपटॉपवरचा लिबव्हर्ट दुसरा व्हीएम नोंदवूनच घेत नाही, एरर देतो.