प्रतिसाद: मूत्रपिंड 'वाया' जातं का?

वर कुणीतरी लिहिलंय की एचआयव्ही असलेल्या रुग्णाला मूत्रपिंड देणं म्हणजे ते वाया घालवणं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचं उदाहरण बघा. तिथे ग्रूट स्खूर रुग्णालयात प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जन डॉ. एल्मी म्युलर यांनी २००८मध्ये मेंदूमृत एचआयव्हीबाधित दात्यांची मूत्रपिंडं एचआयव्हीबाधित रुग्णांनाच बसवायला सुरुवात केली. तेव्हा तिथल्या सरकारी व्यवस्थेत अशा रुग्णांना डायलिसिसही सहसा नाकारलं जाई, म्हणजे मरणाची वाट बघणंच. २०१५मध्ये त्यांनी २७ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: पाच वर्षांनी ७४ टक्के रुग्ण जिवंत. वाया?

अमेरिकेत मात्र असे अवयव वापरायला कायद्यानेच बंदी होती. ती २०१३च्या 'होप' कायद्याने उठली.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. एक तर शरीराने नवं मूत्रपिंड नाकारण्याचं प्रमाण या रुग्णांत जास्त. दुसरं, औषधांचं भांडण. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध चालू असेल तर टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी भलतीच वाढते, डोस अगदी नाममात्र ठेवावा लागतो. डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीवरच्या दुसऱ्या औषधावर ही कटकट जवळपास नाही. त्यामुळे प्रत्यारोपणाआधीच, विषाणू नियंत्रणात ठेवून, एचआयव्हीची औषधं बदलता येतील का हे एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवायला हवं.