मोझांबिकमधलं केशरी रताळं लोकांनी खरंच स्वीकारलं का?

रानवाट: तिकडे पांढरं रताळं खायची सवय, त्यात व्हिटॅमिन ए जवळपास नाहीच, केशरीत ते भरपूर, मग पोरांना केशरी आवडलं का?

मातीवेडा: सुरुवातीचे वाण पाणचट होते, तिथल्या लोकांना पिठूळ लागतं. म्हणून रताळ्याच्या संशोधक मारिया आंद्राडेंच्या टीमने तिथेच संकर केले, २०११ मधे दुष्काळात तग धरणारे १५ वाण आले. २०१६ चं वर्ल्ड फूड प्राइझ त्यांना आणि आणखी तिघांना मिळालं, अगदी योग्यच.

शिवार७: पण खरी अडचण वेलांची आहे हो, लागवड वेलाच्या तुकड्यांनी होते आणि कोरड्या हंगामात वेलच वाळला तर पुढच्या पावसात लावणार काय?

मातीवेडा: त्यासाठी छोटे कंद कोरड्या वाळूत ठेवतात, पावसाच्या दीड-दोन महिने आधी वाफ्यात लावून पाणी देतात, कोंब फुटले की बेणं घरचंच.