टँकरवर जगणारी सोसायटी, दुसरा बोअर मारावा का? (पाथर्डी फाटा)

फाट्यावरचा_सेक्रेटरी
एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची ३२ फ्लॅटची सोसायटी आहे, दोन विंग, गच्चीवर मिळून एकच टाकी. एजीएमला मी चहाचं सांगायला खाली गेलो होतो, वर आलो तर मी सेक्रेटरी झालेलो. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी ऑगस्ट अख्खा कोरडा गेला हे सगळ्यांना माहितीच आहे. आमचा जुना बोअर १८० फुटांचा, तो दरवर्षी मे मध्ये दम टाकतो, यंदा होळीलाच हवा ओढायला लागला. महापालिकेचं पाणी येतं पण प्रेशर असं की खालची टाकी भरेपर्यंत सप्लायची वेळ संपते. मार्चमध्ये १७ टँकर घेतले, १० हजार लिटरवाले, त्याचेच २५ हजाराच्या वर गेले. आता आठवड्यातून एक दिवस पाणी बंद होणार अशी कुजबुज आहे (निवडणूक होईपर्यंत कोण करतंय म्हणा) आणि चेअरमनकाकांनी एक बोअरवाला गाठलाय, तो नारळ घेऊन आला, पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी पाय आपटून म्हणाला इथं ५०० फुटावर नदी आहे. नदी!! प्रत्येक फ्लॅटकडून ८ हजार काढायचे ठरतंय. मला मनापासून पटत नाहीये पण विरोध करायला माझ्याकडे मुद्दा पण नाहीये. कोणी सांगेल का?

मुरूम_आणि_मांजऱ्या

आधी नाव बदला हो सेक्रेटरी, सोसायटीवाले खरंच मारतील तुम्हाला फाट्यावर 😄

पाटबंधाऱ्यात ३१ वर्षं काढली, त्यामुळे थोडं लांबण लावतो. आपल्या खाली सगळा बेसाल्ट. वर माती-मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे जरा मऊ खडक, मग काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. पाषाणात स्वतःत पाणी नसतं. म्हणून ५०० फूट गेलात तर भेग लागली तर लागली, नाहीतर दगडाचं पीठ वर येतं आणि बिल फुटाप्रमाणे द्यावंच लागतं. नदी वगैरे काही नसते खाली. समजा लागलंही, तर ते बहुतेक वेळा तुमच्याच जुन्या बोअरचं किंवा शेजारच्या सोसायटीचं पाणी असतं, फक्त खालून ओढलेलं. तिकडचे मग ६०० फूट जातात. ही शर्यत मी सिन्नरला डोळ्यानं बघितलीये, जिंकलेला कोणी भेटला नाही. शिवाय २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खालच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या पुढच्या विहिरी-बोअरवर बंधनं आहेत. बोअरवाला हे सांगणार नाही, त्याचं मीटर फुटावर चालतं.

आणि धरणाचंही सांगतो, लोकांना वाटतं गंगापूर उशाला आहे म्हणजे झोपा. गंगापूर १९६५ चं, मातीचं धरण, मूळ क्षमता ७.२ टीएमसी, गाळ भरून ती आता ५.६ च्या आसपास आलीये. म्हणजे दीड टीएमसीच्या वर जागा गाळानं खाल्ली. १ टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटर, करा हिशोब. त्यात उन्हाळ्यात पातळी उतरली की पाणी असूनही जॅकवेलपर्यंत (पाणी उचलायच्या विहिरीपर्यंत) येत नाही, मधे खडक आडवा येतो, म्हणून चर खोदायचा विषय दर टंचाईत निघतो आणि पाऊस पडला की बुडतो. तुमच्या भागाला बहुतेक मुकणेचं पाणी विल्होळीहून येतं, ते थोडं बरं. पण तेही वरच्या पावसावरच, इगतपुरीला ३००० मिमीच्या वर पडतो म्हणून आपण जगतो, शहरात पडतो त्यावर नाही.

गोदाकाठचा_गोट्या

काका एवढं सगळं सांगितलं पण खरं कारण नाही सांगितलं. पाणी आपलं आणि सोडतात जायकवाडीला. मागच्या ऑक्टोबरच्या शेवटी ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, नगर-नाशिकच्या धरणांतून, आणि आता आपण टँकर मागवा. सोसायट्यांनी बोअर मारायचे का आंदोलन करायचं ते ठरवा आधी

लातूरची_नाशिककर

गोट्या भाऊ, २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, माझे बाबा तेव्हा घागरी घेऊन रांगेत होते. आता लग्न होऊन इंदिरानगरला आहे, दोन्हीकडची ओढाताण घरातच ऐकते, सासरे एका बाजूला मी दुसऱ्या 😅 जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के नसेल तर वरून सोडायचं, हा समन्यायी वाटपाचा हिशोब आहे आणि त्याला २००५ च्या कायद्याचा आधार आहे. कमी पावसाच्या वर्षी हे होणार हे जून मधेच माहीत असतं. वाटेत किती मुरतं, किती उपसलं जातं यावर भांडा, मी पण येते. पण त्यानं या दादांच्या टाकीत एक बादली पण वाढणार नाही. प्रश्न सोसायटीचा आहे.

जेलरोडकर

आमच्याकडे दारणेचं पाणी, चेहेडीहून उचलतात, तिथंच वालदेवी येऊन मिळते आणि तिच्यासोबत काय काय येतं ते विचारू नका. उन्हाळ्यात आवर्तन (धरणातून सोडलेलं पाणी) नसलं की पाणी साचून राहतं आणि नळाला वास. त्यामुळे मी पाणी किती यापेक्षा कसलं हे आधी बघतो. टँकर घेताय तर तो कुठल्या विहिरीतून भरतो ते विचारलंय का कधी? आम्ही विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला साहेब चांगलीच आहे विहीर, मी पण पितो, आणि बिसलेरीची बाटली तोंडाला लावली. 🙏 तेव्हापासून क्लोरीनचं किट ठेवलंय, टँकर खाली करायच्या आधी नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर तसं खालच्या टाकीत घ्यायचं नाही. स्वस्त असतं किट, फार अवघड नाही, वॉचमन पण करतो.

इंची_टेप

एवढे सगळे बोलले पण एक गोष्ट कोणीच नाही विचारली. सेक्रेटरी साहेब तुम्हाला रोज पाणी लागतं किती?

३२ फ्लॅट, घरटी ४ धरले तर १२८ माणसं. सरकारी मापानं माणशी १३५ लिटर, म्हणजे १७-१८ हजार लिटर दिवसाला. आता तुमच्याकडे महापालिकेचं किती येतं, बोअरचं किती, टँकरचं किती, एकत्र मांडा. मी पैज लावतो २५ हजाराच्या वर निघेल. मग वरचे ७-८ हजार पितंय कोण?

मी प्लंबिंगची कामं घेतो, ३० एक सोसायट्या केल्या असतील. पहिल्या दिवशी मी काहीही उघडत नाही, फक्त एक काठी आणि टेप घेऊन रात्री गच्चीवर जातो. तुम्ही पण करा, फुकट आहे. रात्री १ वाजता मोटर बंद आहे याची खात्री करा, टाकीत काठी बुडवून पाण्याची खूण करा. ४ वाजता परत जा. त्या वेळात कोणी अंघोळ करत नाही, एखाद दुसरा उठतो तेवढंच. टाकी १० बाय १० फूट असेल तर एक इंच उतरला म्हणजे २३५ लिटर गेले. अर्धा इंच ठीक. त्याच्यावर गेलं तर पाणी झिरपतंय.

कुठून? दहात आठ वेळा फ्लशच्या टाकीतून. आतला रबरी वॉशर कडक होतो, बारीक धार कमोडला चिकटून जाते, आवाज नाही काही नाही. प्रत्येक घरी जिलेबीचा रंग चिमूटभर टाकून ठेवायला सांगा फ्लशच्या टाकीत, २० मिनिटं कोणी ओढायचं नाही. कमोडमधे केशरी आलं की वॉशर बदला, शंभर-दीडशेचं काम. दुसरं म्हणजे खालच्या टाकीचा बॉल कॉक. रात्री महापालिकेचं पाणी येत असेल तर ओव्हरफ्लो सरळ गटारात, कोणाला दिसत पण नाही कारण पाईप झाडाच्या मागं काढलेला असतो.

हे करा आणि मग बोअरचं बोला.

मुरूम_आणि_मांजऱ्या

टेपवाल्याशी १०० टक्के सहमत. त्याला एक जोड देतो. जुना बोअर मेला असं समजू नका, त्याला गच्चीचं पाणी पाजा. गच्ची ४००० चौरस फूट धरली तर ३७० चौरस मीटर. एक मिमी पाऊस एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर, सोपं आहे. वाईट वर्षाचा ५०० मिमी पाऊस धरला आणि २० टक्के वाया गेला तरी दीड लाख लिटर होतं, तुमचे १५ टँकर. पाईप थेट बोअरमधे घालू नका, आधी खडी-वाळूचा फिल्टर, आणि पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून द्या, कबुतरांनी गच्चीवर काय केलेलं असतं ते तुम्हाला माहितीये. बाकीचं केसिंगच्या (बोअरच्या वरच्या पाईपच्या) बाजूला खड्डा करून मुरवलं तर उत्तम.

पण एक प्रामाणिकपणे सांगतो. ही एफडी नाही. तुम्ही मुरवलेलं पाणी भेगेतून शेजारच्या बोअरला पण जाणार, मे पर्यंत सगळं तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हणून कॉलनीतल्या चार-पाच सोसायट्या मिळून केलं तर उपयोग, एकट्यानं केलं तर पुण्य. बिल्डरनं तुम्हाला रेन वॉटर हार्वेस्टिंग दाखवलं असेलच कागदावर, ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला ते सक्तीचं आहे, जाऊन बघा पाईप जातो कुठं.

फाट्यावरचा_सेक्रेटरी

काका, बघितला. पाईप गच्चीवरून येतो, भिंतीतून खाली जातो आणि जमिनीला लागून कापलेला आहे. वर सिमेंट. आणि त्याच्यावर 'पर्जन्यजल संवर्धन' अशी हिरवी पाटी. आठ वर्षं आम्ही त्या पाटीपाशी स्कूटर लावतोय.

बाकी परवा रात्री मी आणि बी विंगचे भालदारकाका काठी घेऊन गच्चीवर गेलो. (हे नाव खोटं आहे, खरं लिहिलं तर घरी चहा मिळणार नाही.) टाकी १० बाय १० च निघाली. १ ते ४. पाच इंच!! आम्हाला वाटलं काठी सरकली, म्हणून काल परत गेलो, परत पाच इंच. म्हणजे तीन तासात ११७५ लिटर, आणि दिवसाचे सव्वानऊ हजाराच्या पुढे. रोजचा एक टँकर. मी रात्री जिन्यातच बसलो थोडा वेळ.

आज जिलेबीचा रंग वाटला घरोघरी. ३२ पैकी ७ केशरी निघाले, त्यात चेअरमनकाकांचं पहिलं, ते म्हणाले माझं नवीन आहे, रंगच खराब असेल. ३०३ बंद आहे, भाडेकरू जानेवारीत गेले, मालक पुण्याला. दाराला कान लावला तर आत झुळझुळ ऐकू येतंय. चेअरमनकाका म्हणाले सापडली बोअरवाल्याची नदी.

इंची_टेप

हाहाहा. ३०३ साठी थांबू नका, डक्टमधे त्यांच्या लाइनचा कॉक असेल, मालकाला फोन करून सांगा आणि आजच बंद करा. मग परत १ ते ४ मोजा.

लातूरची_नाशिककर

चार महिने एक रिकामं घर पाणी पितंय 🤦‍♀️ दादा बोअरचे ८ हजार जमा झाले होते का काही जणांचे?

फाट्यावरचा_सेक्रेटरी

११ जणांचे झाले होते ताई. त्यातून वॉशर, दोन वॉटर मीटर (एक महापालिकेच्या लाइनवर आहेच, एक टँकरच्या आणि एक बोअरच्या पाईपवर बसवतोय) आणि गच्चीच्या पाईपचं काम निघेल असं दिसतंय, बाकीचे परत. बोअरवाल्याचा फोन उचलत नाहीये मी, त्याचा नारळ अजून ऑफिसात पडलाय.

३०३ चा कॉक काल रात्री बंद केला, सात वॉशर आज बदलले. १ ते ४ परत मोजलं की इथं टाकतो. डक्ट उघडायला चावी कोणाकडे होती विचारा... माझ्याकडेच, सेक्रेटरीच्या फाइलच्या पिशवीत.

फाट्यावरचा_सेक्रेटरी

सव्वा इंच. अजून पाऊण इंच वरच्या लाइनीत कुठंतरी आहे, तो शोधतोच, शिवाय उद्या खालची टाकी पण रिकामी करून बघतो. टेपवाले भाऊ, बॉल कॉक पितळी घ्यावा का प्लास्टिकचा?