सियाझचे टायर बदलायचेत: पावसाळा बघू की समृद्धीचं ऊन?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी मारुती सियाझ, पेट्रोल, साइझ १८५/६५ आर१५. टायरवर २३१९ छापलंय, म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पुढचे दोन तर गोटा झालेत. नक्षी झिजून १.६ मिमीच्या झिजेच्या खुणेला टेकलीये, म्हणजे आता चालढकल नको.

माझा घोळ असा. गणपतीत पुणे-चिपळूण, कुंभार्ली घाटातून. गेल्या वर्षी भर पावसात एका वळणावर गाडी जरा तरंगल्यासारखी सरकली, बायको अजून ऐकवते! आणि मे महिन्यात सासुरवाडी नागपूर, म्हणजे समृद्धीचं तापलेलं काँक्रीट, तासन् तास एका वेगात.

ओल्या रस्त्यावर पकड हवी तर मऊ रबर घ्या म्हणतात, पण ते उन्हात लवकर झिजतं ना? दुकानदार तर प्रत्येक टायरला ‘ऑल सीझन’च म्हणतो. ऑल सीझन म्हणजे हलक्या बर्फातही चालणारे ना? बर्फ आपल्याकडे पडत नाही, मग त्या शब्दाला अर्थ काय?

दोनच बदलले तर नवे मागे टाका असं वाचलंय, मेकॅनिक पुढे म्हणतो. की सरळ चारही घेऊ? घाट आणि समृद्धी दोन्ही करणाऱ्यांनी कोणते टायर घेतले, किती किलोमीटर चालले, प्लीज सांगा.