विडंबन, उपहास की नुसती भंकस? : नसलेल्या सिनेमांचे कथासार

नसलेले सिनेमे आणि मालिकांचे नसलेले भाग, त्यांची गमतीदार वर्णनं. दिवाळी अंकात अशा सदराला ‘उपहास’ म्हणावं की ‘विडंबन’?

—

विडंबन. उपहासात माणसाला किंवा वृत्तीला हसतात, विडंबनात लिहिण्याच्या ढबीला. अत्र्यांनी ‘केशवकुमार’ होऊन रविकिरण मंडळाच्या कवितेची ढब उचलली, ते विडंबन. मूळ साचा वाचकाच्या ओळखीचा नसेल तर उरते ती भंकस. आणि कृपा करून ‘विडंबना’ छापू नका. ते हिंदी झालं, आपल्याकडे तिथे दैवदुर्विलास म्हणतात. ‘विटंबना’ तर थेट बेइज्जती.

—

साचा म्हणालात ते खरं. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यातच भरतो, त्यामुळे कॅटलॉगची भाषा इथे पाठ आहे : भाषा, मिनिटं, मग चार-पाच वाक्यं, सगळी वर्तमानकाळात. नमुना (माटोळी म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) :

‘माटोळी’. कोंकणी, १४१ मिनिटं. चवथीच्या आदल्या दिवशी एक वृद्ध सुपारीचा घड शोधायला निघतो. म्हापशाच्या बाजारात तो त्याला लगेच मिळतो. उरलेला चित्रपट तो घड मांडीवर घेऊन बसची वाट पाहतो. बस येत नाही. तिचं न येणं हेच चित्रपटातलं प्रमुख पात्र आहे.

पहिली दोन वाक्यं अगदी सरळ ठेवायची, खऱ्या कॅटलॉगात खपतील अशी. मिनिटं १४१ च. ९०० लिहिलीत की वाचक आधीच सावध होतो आणि शेवटचं वाक्य वाया जातं. ‘धमाल’, ‘अतरंगी’ नको, उद्गारचिन्ह तर अजिबात नको. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच : सिनेमाच विनोदी करून ठेवतात. सिनेमा रडका हवा, वर्णन गंभीर हवं.

—

मालिकेला हे माप चालणार नाही. तिथला साचा प्रश्नाचा, आणि वीस शब्द पुरे.

भाग ८४६ : नेवऱ्यांच्या सारणात मीठ पडलंय, हे सासूबाईंना कळेल का?
भाग ८४७ : कळेल का?
महाएपिसोड : सासूबाई सारण चाखायला बोट पुढे करतात. बोट सोमवारी पोचेल.

एकच भाग देऊन भागत नाही. कमीत कमी तीन लागतात, कारण थट्टा लांबणीची आहे.

—

तियात्रही, आपलं गोव्याचं कोंकणी गाण्यांचं नाटक, घ्या की सदरात! दोन पडद्यांच्या, म्हणजे अंकांच्या, मधे नायक मेल्याबरोबर गॅसच्या दरावर कांतार, म्हणजे गाणं.

—

अहो, ते विडंबन कुठलं, ते तर साधं वर्णन झालं. मधली कांतारां कथेला बांधलेली नसतातच. राजकारण, महागाई, काहीही चालतं. विडंबन हवं असेल तर उलट करा : नायक मेल्यावर कांतारिस्त येतो, नायकाच्याच मरणावर गातो आणि प्रेक्षक गोंधळून एकमेकांकडे बघतात.