सुकट न खाताही धाप लागते

दमा असलेल्या मुलाचं केळं-दही बंद करूनही धाप थांबत नाही, असं एका ताईंनी लिहिलंय. नवल नाही. अन्नाच्या अ‍ॅलर्जीनं नुसताच दमा उसळणं तसं कमी. बहुतेकदा सोबत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलटी होते. यातलं काहीच नसेल तर पोराचं दही उगाच तोडू नका, डॉक्टरांशी बोला.

मासे खाणाऱ्या घरांत मात्र ताटाइतकंच तव्याकडे बघा. वहिनीनं सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) भाजायला घेतली, की बाहेरच्या खोलीत बसलेल्या पुतण्याची छाती वाजायला लागायची, घासही न खाता! कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवूनही टिकतं, वाफेबरोबर हवेत येतं. धुळीतल्या माइट्समध्ये (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांमध्ये) आणि झुरळांतही त्याचंच भावंड असतं, म्हणून धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना कोळंबीही सोसत नाही.

दुसरा छुपा रुस्तम सल्फाइट, म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन. केशरी, चकचकीत जर्दाळूच्या पाकिटावर २२० ते २२८ मधला आकडा (सल्फाइटचा क्रमांक) आहे का पाहा. ही सहसा खरी अ‍ॅलर्जी नसते, पण काही दमेकऱ्यांना भोवते.

आणि खाल्ल्यावर पित्त नि धाप एकदम आली तर नुसत्या दम्याच्या पंपावर विसंबू नका. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, तडक इस्पितळ गाठा.